‘करणारच होतो’ : मराठी पालकांना एक खुले पत्र

सन्माननीय पालकहो,



हे पत्र अशा मराठी घरांना उद्देशून आहे, जिथे मुलावर हात उगारणे आता कमीपणाचे मानले जाते, मुलाच्या शिक्षणावर ऐपतीबाहेर जाऊन खर्च केला जातो, त्याच्या खाण्यापिण्याची, शिकवणीची आणि भवितव्याची काळजी दिवसरात्र वाहिली जाते, आणि तरीही आठ ते सोळा वर्षांच्या मुलाला त्याच घरात सर्वांत अधिक ओढ लागलेली असते ती कोणीही काहीही न सांगणाऱ्या तासाभराची. पालकांच्या हेतूविषयी या पत्रात कोठेही शंका घेतलेली नाही. तक्रार आहे ती हा हेतू ज्या एका मार्गाने दिवसभर व्यक्त होत राहतो त्या मार्गाविषयी, म्हणजे टोकण्याविषयी. आणि ती मुलांच्या वतीने मांडावी लागते, कारण मूल स्वतः ती मांडू लागताच ‘उलट बोलू नकोस’ हे पुढचे टोकणे त्याच्या वाट्याला येते.

‘टोकणे’ हा शब्द येथे मर्यादित अर्थाने वापरला आहे. जे काम मुलाला ठाऊक आहे, जे त्याला आधी सांगून झालेले आहे आणि जे लगेच न झाल्याने कोणाच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका पोहोचत नाही, अशा कामाविषयी वारंवार केलेली आठवण, चौकशी, घाई किंवा शेरेबाजी म्हणजे टोकणे. पेटत्या गॅसजवळून मुलाला दूर करणे, रस्ता ओलांडताना त्याचा हात धरणे, तापात औषध घ्यायला लावणे, दुसऱ्याला दुखावणारे वागणे ठामपणे थांबवणे यांचा त्यात समावेश होत नाही. ते पालकांचे कर्तव्य आहे आणि त्यात कसूर व्हावी अशी मागणी कोणतेही मूल करत नाही. मात्र ‘ऊठ’, ‘दात घासलेस का’, ‘दूध संपव’, ‘दप्तर भरलेस का’, ‘आंघोळीला किती वेळ’, ‘डबा पूर्ण खा’, ‘मोबाईल ठेव’, ‘अभ्यासाला बस’, ‘अक्षर बघ तुझे’, ‘झोप आता’ ही सकाळपासून रात्रीपर्यंत चालणारी मालिका त्यात पूर्णपणे बसते. यांतील एकही वाक्य कठोर नाही, किंबहुना बहुतेक वाक्ये मायेतूनच आलेली असतात; पण एका वाक्यापासून दुसऱ्या वाक्यापर्यंत मोकळी जागा उरत नाही, आणि मुलाचा जीव गुदमरतो तो त्यामुळे.

पहिली तक्रार वेळेची आहे. मुलांच्या तोंडी सतत असलेले ‘करणारच होतो’ किंवा ‘बसतच होते ना’ हे वाक्य पालक सबब म्हणून झटकून टाकतात, परंतु पुष्कळदा ते खरे असते. खेळ आटोपून मूल स्वतःहून वही उघडण्याच्या बेतात असते आणि नेमका त्याच क्षणी ‘अभ्यासाला बस’ हा आवाज येतो; आता ते बसले तर जो त्याचा निर्णय ठरला असता तो आज्ञापालन ठरतो, आणि नाही बसले तर तो हट्टीपणा ठरतो. आपल्या मनाने चांगले वागण्याची संधी अशा रीतीने रोज अनेकदा हातातून निसटू लागली की मूल ते कामच टाळू लागते, आणि या टाळण्यामागे आळसापेक्षा ते काम आता आपले राहिले नाही ही भावना अधिक असते. जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये या प्रवृत्तीची सैद्धांतिक मांडणी केली. आपले निवडीचे स्वातंत्र्य कोणी काढून घेत आहे असे जाणवताच माणसाच्या मनात विरोध उसळतो आणि एरवी त्याला मान्य असलेली गोष्टही तो केवळ ते स्वातंत्र्य राखण्यासाठी नाकारतो, असे त्या मांडणीचे थोडक्यात स्वरूप आहे. पालकांना हा अनुभव अपरिचित नसावा. कार्यालयात वरिष्ठ दर दहा मिनिटांनी मेजापाशी येऊन ‘झाले का’ असे विचारू लागला, तर हातात घेतलेल्या कामावरून कोणत्याही प्रौढ माणसाचे मन उडते. मुलाला तो वरिष्ठ घरी असतो आणि त्याची सुट्टी कधीच नसते.

दुसरी तक्रार पुनरावृत्तीची आहे. मूल पहिल्यांदा सांगून ऐकत नाही म्हणून पालक चार वेळा सांगतात हे जितके खरे आहे, तितकेच पालक चार वेळा सांगणार हे ठाऊक असल्यामुळे मूल पहिल्यांदा ऐकत नाही हेही खरे आहे. कोणत्या सुरातली सूचना कानाआड करता येते आणि कोणत्या सुरानंतर आवाज चढणार हे मुलाला पक्के कळलेले असते, त्यामुळे पहिल्या तीन सूचनांना त्याच्या लेखी अर्थ उरत नाही. याहून मोठे नुकसान स्मरणशक्तीच्या बाबतीत होते. कंपासपेटी दप्तरात आहे की नाही हे आई लक्षात ठेवते, म्हणून मुलाला ते लक्षात ठेवण्याची गरज पडत नाही. गरज पडत नाही म्हणून सवय लागत नाही. आणि मग ‘याला काही म्हणजे काही लक्षात राहत नाही’ अशी तक्रार घरी आलेल्या पाहुण्यांपुढे केली जाते.

टोकण्याचा मुलाच्या मनावर होणारा परिणाम काही प्रमाणात मोजूनही पाहिला गेला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३२ किशोरवयीन मुलामुलींना त्यांच्या स्वतःच्या आईच्या आवाजातील टीकेचे सुमारे ३० सेकंदांचे ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूतील हालचालींच्या प्रतिमा घेण्यात आल्या. नकारात्मक भावनांशी संबंधित भागांतील हालचाल त्या वेळी वाढलेली आढळली, तर भावनांना आवर घालणाऱ्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे समजून घेणाऱ्या भागांतील हालचाल मंदावलेली आढळली. नमुना लहान होता, तेव्हा एवढ्यावरून मोठा सिद्धांत उभारणे योग्य होणार नाही. परंतु पालक ज्या क्षणी ‘माझे म्हणणे समजून घे’ असे कळवळून सांगत असतात, नेमक्या त्याच क्षणी मुलाची समजून घेण्याची शक्ती क्षीण झालेली असू शकते, ही शक्यता प्रत्येक घराने विचारात घेण्याजोगी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याला आणखी एक बाजू जोडतो. ७ ते १६ वर्षे वयाच्या मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद तपासताना लहान मुलांमध्ये आईच्या आवाजाला विशेष प्रतिसाद दिसला, तर साधारण तेराव्या वर्षापासून पुढे अपरिचित आवाजांना मिळणारा प्रतिसाद अधिक दिसू लागला. म्हणजे सातवी-आठवीतले मूल ‘हल्ली ऐकतच नाही’ अशी जी कुरकूर घरोघर ऐकू येते, तिच्यामागे वाढीचा एक स्वाभाविक टप्पा आहे. मुलाने बाहेरच्या जगाकडे कान वळवण्याचे ते वय असते, आणि बहुतेक घरांत नेमक्या त्याच वयात, दहावीच्या धास्तीने, आतून येणारा आवाज दुप्पट केला जातो.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे, कारण ती कृतीवरून माणसावर घसरण्याविषयी आहे. ओला टॉवेल पलंगावर पडला आहे एवढीच वस्तुस्थिती असते. पहिले वाक्य टॉवेलविषयी असते; दुसऱ्यात ‘तुला कधीच कळत नाही’ येते, तिसऱ्यात ‘आम्ही तुझ्या वयाचे असताना’ येते, चौथ्यात मामेबहिणीचे टक्के येतात आणि पाचव्यात ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय करतो’ याचा हिशेब येतो. टॉवेल उचलला जातो, पण उरलेली चार वाक्ये मुलापाशीच राहतात. ब्रायन बार्बर या संशोधकाने १९९६ मध्ये पालकांच्या नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले, ते येथे उपयोगी पडतात. वर्तनावरचे नियंत्रण म्हणजे संध्याकाळी घरी परतण्याची वेळ, पडद्यासमोर घालवायचा वेळ यांसारख्या बाबतींत स्पष्ट नियम ठरवणे आणि ते पाळले जातात की नाही याकडे लक्ष ठेवणे. मनावरचे नियंत्रण म्हणजे मुलाच्या मनात अपराधीपणा जागवून, माया आखडती घेऊन किंवा त्याच्या भावना खोट्या ठरवून त्याला आपल्या इच्छेप्रमाणे वागायला लावणे. पहिल्या प्रकाराचा मुलांना आधार वाटू शकतो. दुसऱ्या प्रकाराचा संबंध मुलांमधील खिन्नतेशी आढळून आला आहे. मराठी घरांतील टोकणे नियमाच्या स्वरूपात सुरू होते आणि तीन-चार वाक्यांत मनावरच्या नियंत्रणाकडे वळते, हा त्याचा खरा धोका आहे. आणि बोलणाऱ्याला हे वळण जाणवत नाही, कारण त्याच्या मते तो अजून टॉवेलविषयीच बोलत असतो.

मुलींच्या बाबतीत या तक्रारीला वेगळे परिमाण आहे आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. मुलाला प्रामुख्याने अभ्यास, मोबाईल आणि पसारा यांवरून टोकले जाते. मुलीला हे सर्व ऐकावे लागतेच, शिवाय ‘नीट बस’, ‘हळू हस’, ‘ओढणी घे’, ‘गॅलरीत किती वेळ उभी राहणार’, ‘केस मोकळे सोडून जाऊ नकोस’, ‘पाहुणे आलेत, पाणी दे’, ‘उद्या सासरी लोक काय म्हणतील’ ही दुसरी मालिका तिच्यासाठी स्वतंत्रपणे चालवली जाते. या मालिकेत तिच्या कामाविषयी फार थोडे आणि तिच्या शरीराविषयी फार अधिक असते. तिचे बसणे, उभे राहणे, हसणे, चालणे या गोष्टी सतत कोणाच्या तरी नजरेखाली आहेत असे तिला दहाव्या-अकराव्या वर्षापासून शिकवले जाते, आणि हे शिकवण्याचे काम बहुधा अशा स्त्रियांकडे येते ज्यांनी स्वतः हेच सोसलेले असते. जी आई आपल्या मुलीला शिष्यवृत्तीच्या वर्गाला घालते, पोहायला पाठवते आणि मुलगा-मुलगी भेद आपल्या घरात नाही असे मनापासून सांगते, तिच्याही बोलण्यात ही दुसरी मालिका शिल्लक असते. मुलींची मोकळीक अडते ती येथे. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या इच्छेप्रमाणे पाय पसरून, कोणी पाहत नाही या खात्रीने पुस्तक वाचत पडणे हा अनुभव आजही पुष्कळ मराठी मुलींना सहजी मिळत नाही.

यापुढील तक्रार नवी आहे, कारण तिचे साधन नवे आहे. पूर्वी शाळा सुटल्यापासून घरी पोहोचेपर्यंतचा रस्ता मुलाचा स्वतःचा असे. वर्गात काय घडले, गृहपाठ काय मिळाला, चाचणीत किती गुण पडले हे घरी कधी आणि कशा शब्दांत सांगायचे हे ठरवण्याची मुभा त्याला त्या रस्त्यावर मिळत असे. आता वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सअॅप गट आणि शाळेचे अॅप यांमुळे मूल दारात पाऊल ठेवण्यापूर्वीच त्याचा गृहपाठ, त्याचे गुण आणि वर्गात त्याला मिळालेली समज घरी पोहोचलेली असते. दार उघडताच ‘गणितात सातच का’ हा प्रश्न येतो. स्वतःचे अपयश स्वतःच्या तोंडाने सांगण्याचे धैर्य मुलाला ज्या एका प्रसंगातून येऊ शकले असते, तो प्रसंगच या व्यवस्थेने नाहीसा केला आहे. शाळांनाही येथे दोष द्यावा लागेल, कारण मुलांना द्यायच्या सूचना पालकांना देण्याची सोय त्यांनी स्वीकारली. परंतु त्या सूचना लगेच वाचून लगेच मुलासमोर उच्चारण्याची सक्ती पालकांवर कोणी केलेली नाही. मोबाईलच्या वापरावरून होणारे टोकणे तर अनेकदा एका हातात मोबाईल धरूनच केले जाते, आणि ही विसंगती आठ वर्षांच्या मुलाच्याही ध्यानात येते.

येथवर जे लिहिले त्याचा रोख आईकडे आहे असे वाटण्याचा संभव आहे, आणि तसे वाटले तर तो अन्याय होईल. टोकण्याचे काम आईच्या वाट्याला येते, कारण घरातील सर्वांचे सर्व काही लक्षात ठेवण्याचे काम तिच्याच वाट्याला आलेले असते. नोकरी करणाऱ्या आईला संध्याकाळी सात ते दहा या तीन तासांत स्वयंपाक, गृहपाठ, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी आणि मुलाशी चार शब्द बोलणे हे सर्व बसवावे लागते, तेव्हा तिच्या बोलण्यात घाई उतरणे अपरिहार्य आहे. ज्या घरात वडील ‘मी काही बोलत नाही बुवा’ असे अभिमानाने सांगतात, त्या घरात त्यांचे न बोलणे हे बहुधा न करण्याचेच दुसरे रूप असते. ते मुलांचे मित्र ठरतात आणि आई कटकटी ठरते. मुलाच्या मोकळिकीचा प्रश्न घरातील श्रमविभागणीशी असा थेट बांधलेला आहे, आणि वडिलांनी कामाचा वाटा उचलल्याशिवाय आईने सांगणे थांबवावे अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. घरांचा आकारही विसरता येत नाही. मुंबई-ठाण्याच्या दोन खोल्यांत आजी, आजोबा, आई, वडील आणि दोन मुले राहतात, तेव्हा मुलाला लावून घेण्यासाठी दारच नसते, आणि एका मोठ्या माणसाने सांगितलेले उरलेल्या तिघांकडून पुन्हा सांगितले जाते.

याच महाराष्ट्रात अशीही मुले आहेत की ज्यांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून जातात आणि जी गावी म्हाताऱ्या आजीपाशी राहतात किंवा फडावर जाऊन धाकट्या भावंडांना सांभाळतात. ‘दप्तर भरलेस का’ असे विचारणारे कोणी जवळ असावे ही त्यांची गरज आहे, आणि ती या पत्रात मांडलेल्या गरजेच्या अगदी उलट आहे. एका वर्गातील मुलाला लक्ष देणारे कोणी मिळत नाही आणि दुसऱ्या वर्गातील मुलाला त्या लक्षापासून क्षणभर सुटका मिळत नाही. दोन्ही दुःखे खरी आहेत, आणि पहिल्याचा दाखला देऊन दुसऱ्याला ‘तुम्हाला सगळे मिळते, तरी तक्रार’ असे गप्प करणे योग्य नाही.

मराठी समाजाला हा विचार नवा नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात १९२० च्या दशकात मुलाला भय, शिक्षा आणि बक्षीस यांवाचून स्वतःच्या गतीने काम करू देण्याचे प्रयोग केले. इटलीतील मारिया माँतेसरी यांच्या विचारांचा त्यामागे आधार होता. मूल जे स्वतः करू शकते त्यात मोठ्यांनी केलेली मदत ही त्याच्या वाढीतील अडथळा असते, हे त्या विचाराचे एक प्रमुख सूत्र होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये अनुताई वाघ यांच्या साथीने ते वाढवले. गिजुभाईंनी पालकांसाठीही स्वतंत्रपणे विपुल लेखन केले, कारण बालमंदिरात मोकळे झालेले मूल घरी जाऊन पुन्हा आवळले जाते हे त्यांना दिसत होते. शंभर वर्षांनंतर महाराष्ट्रात गल्लोगल्ली बालवाड्यांच्या पाट्यांवर माँतेसरींचे नाव आहे, परंतु घरांत त्यांच्या विचाराला प्रवेश मिळालेला नाही.

संस्कारांचा आग्रह धरणाऱ्या पालकांना साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा आधार वाटतो. त्या पुस्तकातील ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्यामने धरलेल्या हट्टाचा प्रसंग सर्वपरिचित आहे, पण त्यातील क्रम क्वचितच लक्षात घेतला जातो. आई आधी मुलाचा हट्ट पुरवते, आपले वस्त्र दगडावर पसरते, आणि त्यानंतर मनाच्या स्वच्छतेविषयी जे सांगायचे ते थोडक्यात सांगते. ते सांगणे मुलाच्या मनात जन्मभर टिकते, कारण ते एकदाच आणि मुलाचे म्हणणे मान्य केल्यानंतर आलेले असते. ही आई मवाळ आहे असे मुळीच नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला तिने मार दिल्याची कथाही त्याच पुस्तकात आहे, आणि आजच्या दृष्टीने ती स्वीकारण्याचे कारण नाही. मात्र मुलावर संस्कार सांगण्याच्या संख्येने होत नाही, एवढे त्या पुस्तकातून घेता येते.

मुलाला मोकळे सोडले तर ते वाया जाईल आणि स्पर्धेच्या काळात मागे पडेल, हा पालकांचा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण त्यामागची भीती खरी आहे. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या शैलींचा अभ्यास करून हुकूम चालवणारे पालक, सर्व चालवून घेणारे पालक आणि स्पष्ट अपेक्षा ठेवतानाच मुलाशी चर्चा करणारे, त्याच्या स्वतंत्र मताला जागा देणारे पालक असे तीन प्रकार मांडले, आणि तिसऱ्या प्रकारच्या घरांतील मुले अधिक स्वावलंबी आढळली. तेव्हा या पत्रातील मागणी दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे नियम सोडून देण्याची, नाही. नियम असावेत, थोडे असावेत, मुलाशी बोलून ठरलेले असावेत, आणि एकदा ठरल्यावर त्यांची अंमलबजावणी मुलाकडे सोपवलेली असावी, इतकेच मागणे आहे. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषकाने १९५८ मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला होता. माणसाला एकटे, शांतपणे, स्वतःच्या सोबतीत राहता येणे ही क्षमता लहानपणी एकटे पडल्याने येत नाही. विश्वासाचे माणूस जवळ असते, पण ते मध्ये काही करत नाही, अशा सोबतीतून ती येते. मूल खोलीच्या कोपऱ्यात चित्र काढत आहे, आई जवळच बसून स्वतःचे काम करत आहे, आणि ‘रंग बाहेर जाऊ देऊ नकोस’ असे कोणीही म्हणत नाही, हे त्या विचाराचे घरगुती रूप म्हणता येईल. टोकण्यापासून मुक्ती मागणारे मूल आईवडिलांपासून मुक्ती मागत नाही. त्याला ते जवळच हवे असतात.

सार्वजनिक व्यवस्थेने या बाबतीत थोडी पावले टाकली आहेत. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेली आणि भारताने १९९२ मध्ये मान्य केलेली बालहक्क संहिता कलम १२ मध्ये मुलाच्या मताला, कलम १६ मध्ये त्याच्या खासगीपणाला आणि कलम ३१ मध्ये त्याच्या विश्रांतीला, फावल्या वेळाला व खेळाला हक्काचे स्थान देते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळालाही मनाई आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने अपुऱ्या झोपेचे कारण लक्षात घेऊन पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी न भरवण्याचा निर्णय काढला. कायद्याने घराच्या आत शिरून पालकांचे बोलणे मोजावे अशी कोणाचीही इच्छा नाही, आणि म्हणूनच पुढील विनंत्या थेट पालकांकडे करायच्या आहेत.

पहिली विनंती अशी की, कोणतेही काम मुलाला एकदा सांगावे, ते केव्हापर्यंत करणार हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे, आणि ती वेळ उलटेपर्यंत त्या कामाचा उल्लेखही करू नये. वेळ उलटली तर जे बोलायचे ते त्या कामापुरते बोलावे. त्याला जोडून दुसरी विनंती आहे, आणि ती अधिक कठीण आहे : लहान नुकसान होऊ द्यावे. वही घरी विसरली तर ती शाळेच्या फाटकापर्यंत नेऊन देऊ नये, पोळी गार झाली तर ती गारच खाऊ द्यावी, आणि साधारण दहाव्या वर्षानंतर दप्तर ही पूर्णपणे मुलाची मालमत्ता मानावी. त्या नुकसानीच्या दिवशी ‘सांगितले होते ना’ हे वाक्यही उच्चारू नये, कारण त्या एका वाक्याने मुलाचा अनुभव पुन्हा पालकांचा विजय होऊन बसतो.

शाळेतून आल्यावर निदान पाऊण तास मुलाला काहीही विचारू नये, ‘आज शाळेत काय झाले’ हेही नाही. सांगायचे असेल ते मूल आपण होऊन सांगेल, आणि पहिले काही दिवस त्याने काहीच सांगितले नाही तर ते सहन करावे. गुणांविषयी जेवणाच्या ताटावर आणि पाहुण्यांसमोर बोलू नये. वर्गाच्या गटावरील निरोप वाचला तरी मुलाने सांगेपर्यंत तो आपल्याला ठाऊक नाही असेच वागावे, आणि पालकसभेत शाळेला असे सुचवावे की पाचवीपासून पुढे गृहपाठाची सूचना मुलांनाच द्यावी. घरातील आठवण करून देण्याची कामे आई आणि वडील यांच्यात स्पष्टपणे वाटून घ्यावीत, आणि एकाने सांगितलेले दुसऱ्याने, किंवा आजी-आजोबांनी, पुन्हा सांगू नये. मुलीला एखादी गोष्ट सांगण्यापूर्वी तीच गोष्ट त्याच वयाच्या मुलाला सांगितली असती का, हे स्वतःला विचारावे, आणि उत्तर नाही असे आले तर ते वाक्य मनातच ठेवावे.

शेवटची विनंती या आठवड्यात पूर्ण करता येण्याजोगी आहे. कोणत्या सूचना बंद झालेल्या आवडतील हे एखाद्या संध्याकाळी मुलालाच विचारावे, ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत कागदावर लिहून घ्यावे, त्यांतील निदान तीन सूचना महिनाभरासाठी खरोखर थांबवाव्यात, आणि मूल ही यादी सांगत असताना मध्ये काहीही बोलू नये.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला स्नेहांकित,
पत्रलेखक